एकाहत्तर पॉइंट चार

माझ्या प्रयोगशाळेत नवीन पोरं आली की त्यांची पहिली चूक ठरलेली. बीकरमध्ये लोहाचं पिवळट पाणी घेतात, वरून अमोनियाचे थेंब सोडतात आणि ढवळायला आत चुंबकाची कांडी टाकतात. पाणी काळं होतं, पोरं टाळ्या पिटतात. मग यंत्र बंद करून बघतात, तर सगळी पूड त्या कांडीलाच चिकटलेली. मग बाई म्हणून मलाच हाका, "इबू, निघत नाही हो!" अरे, कशी निघेल? लोहचुंबकाची पूड करायला बसलात आणि लोहचुंबकानंच ढवळलंत! तेवीस वर्षं या लॅबची किल्ली माझ्या कमरेला आहे. प्राध्यापक येतात नि जातात, बीकर मी मोजते. माझं तोंड वाईट आहे असं सगळं कॉलेज म्हणतं. खरंच आहे ते.

निंगरुम पहिल्या दिवशी आली ती दारातच चपला काढून उभी. म्हणाली, "इबू मुरवानी, काचेचा पंखा असेल का ढवळायला? चुंबकाची कांडी नको."

मी वर बघितलं. बारीक, उन्हानं रापलेली पोर. सातवं वर्ष चालू होतं तिचं. चार वर्षांचा अभ्यासक्रम, पण मधे आई गेली, शेतावर बापाला एकट्याला होईना, दोनदा सुट्टी घेतली. आता हे शेवटचं सत्र. यात प्रबंध झाला तर पदवी, नाहीतर नाव कायमचं बाहेर.

"कुठली वाळू आणलीस?" मी विचारलं. आमच्याकडे लोहाची वाळू म्हणजे दक्षिण किनारा, आणि दक्षिण किनाऱ्याची वाळू घेऊन येणारी पोरं दर वर्षी पंधरा असतात.

तिनं मोटरसायकलवरून तांदळाचं पोतं ओढत आणलं. तोंड सोडलं, तर आत काळी कुळकुळीत, चकाकणारी वाळू. मी हात घातला. जड होती, चांगलीच जड.

"कालिपुचुंगची आहे, आमच्या शेतातली," ती म्हणाली.

"थापा मारू नकोस. कालिपुचुंगवाले कुणाला चमचाभर वाळू देत नाहीत."

ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी कसलीशी खाण कंपनी तिथं भोकं पाडायचं यंत्र घेऊन आली होती. बायका भाताच्या कढया घेऊन रस्त्यावर बसल्या त्या तीन दिवस उठल्याच नाहीत. यंत्र परत गेलं. तेव्हापासून गावानं एकमेकांना शब्द दिला होता, की परक्याला वाळूत फावडं लावू द्यायचं नाही, खोली सांगायची नाही, जागा बोटानं सुद्धा दाखवायची नाही. त्या वाळूतच त्यांची मिरची नि टरबुजं पिकतात. आजोबांच्या वेळेपासून कसतात. कागद मात्र कुणाकडे नाही. शब्द हीच त्यांची सगळी कमाई.

"बापाक माझ्यासाठी सभेत उभे राहिले," निंगरुम म्हणाली. बापाला ती बापाक म्हणे. "म्हणाले, माझी पोर परकी आहे का? तिच्या शाळेसाठी एक पोतं. मग कुणी अडवलं नाही."

"मग बापाचा शब्द सांभाळ," मी म्हटलं. वर शहाणपणा केला, "इथली गोष्ट या भिंतींच्या बाहेर जायची नाही."

त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

*

बाप म्हणजे कासिरान. वाळू वेचायला त्यानं जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक काढून दोरीला बांधून दिलं होतं. लॅबमधल्या आमच्या आयात केलेल्या चुंबकापेक्षा ते बरं ओढायचं. निंगरुम वाळू वाळवायची, पसरायची, ते चुंबक वरून फिरवायची, चिकटलेली झटकायची. एकदा, दोनदा, दहा वेळा. इतर पोरं चारदा करून दहा लिहितात. ही दहा करून दहाच लिहायची.

मग ॲसिडमध्ये उकळणं, गाळणं, अमोनियाचे थेंब. पूड खाली बसली की बीकरखाली चुंबक धरून पाणी ओतायचं, पुन्हा नवीन पाणी, पुन्हा धुणं. मग ओव्हनमध्ये वाळवणं. इतकी बारीक पूड की तिचे कण डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. दिसते ती नुसती काळी धूळ, पण बाटलीबाहेर चुंबक नेलं की भिंतीवर काटे उभे राहतात.

पहिला घाणा तिनं घाईत जादा तापवला. सकाळी दार उघडलं तर पूड लालभडक. चुंबक नेलं तरी हलेना.

"मेली," मी म्हटलं. "आता हिला विटा रंगवायला ने."

पोर रडेल वाटलं होतं. तिनं वहीत तापमान लिहिलं, वेळ लिहिली, 'लाल, चुंबकाला प्रतिसाद नाही' असं लिहिलं आणि बाटलीवर चिठ्ठी लावून फडताळात ठेवली. काही लपवणं तिच्या रक्तातच नव्हतं. एकदा आमचे हेंदार्तो सर तिला म्हणाले, "अगं, कणाचा आकार दहा पॉइंट अठ्ठ्याण्णव नॅनोमीटर काय लिहितेस, अकरा लिही की सरळ." तर ही म्हणते, "सर, अकरा आलं नाही ना." सर हसले. मीही हसले. अशी पोर तेवीस वर्षांत दुसरी पाहिली नव्हती.

चौथ्या घाण्याची पूड आम्ही दुसऱ्या शहरात पाठवली. चुंबकत्व मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. तिथं रांग लागते. दीड महिना वाट बघितली. सत्र संपायला बावीस दिवस राहिले होते तेव्हा उत्तर आलं. निंगरुमनं फोन माझ्यापुढे धरला.

एका ग्रॅमला एकाहत्तर पॉइंट चार.

इतर पोरांचं चाळीस-पंचेचाळीस येतं. पन्नास आलं तर ती पार्टी देतात. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आलेखाची रेघ शून्यातून अगदी स्वच्छ गेली होती. म्हणजे चुंबक जवळ आणलं की पूड जीव तोडून ओढली जाणार, काढून घेतलं की काही झालंच नव्हतं अशी मोकळी होणार. आम्हाला हवी असते ती हीच पूड.

तिनं तिथल्या तिथं बापाला फोन लावला. "बापाक, एकाहत्तर पॉइंट चार!"

"चांगलं आहे की वाईट?" पलीकडून कासिरान ओरडला. मागं पंपाचा आवाज होता.

"सगळ्यात चांगलं!"

"मग मी गावाला सांगतो!" आणि सांगितलं म्हणे त्यानं. मिरची तोडणाऱ्या बायांना, मशिदीत, चहाच्या टपरीवर. अर्थ एकालाही ठाऊक नव्हता, आकडा मात्र सगळ्या कालिपुचुंगला पाठ झाला.

*

आता माझी चूक सांगते. कुणी विचारलेली नाही, तरी सांगते.

आमच्याकडे प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. पोरं प्रयोगाच्या पानांपेक्षा त्यावर जास्त वेळ घालवतात. आधी देव, मग कुलगुरू, मग सर, मग मैत्रिणी, मग जिच्याशी किंवा ज्याच्याशी चाललंय ती व्यक्ती. आईबाप कुठेतरी चौथ्या ओळीत कोंबलेले. मला त्याचा भारी राग. निंगरुमनं पान दाखवायला आणलं. त्यात लिहिलं होतं, 'दक्षिण किनाऱ्यावरच्या एका शेतकऱ्याचे आभार.'

मी भडकले. "एका शेतकऱ्याचे? बाप आहे ना तो तुझा? ज्यानं सभेत उभं राहून वाईटपणा घेतला, ज्यानं लाउडस्पीकर फोडला, त्याला नाव नाही?"

"इबू, गावाचा शब्द आहे..."

"अगं, प्रबंध वाचतं कोण? परीक्षक सुद्धा वाचत नाहीत! नाव घाल. कुठं खणलं तेही घाल, नाहीतर परीक्षक तेवढंच नेमकं विचारतील, नमुना कुठला म्हणून. पूर्ण लिही. माणसाला एकदा तरी आपलं नाव छापलेलं दिसू दे."

तिनं घातलं. मोठ्यांनी सांगितलेलं ती टाळत नसे, आणि मी तर तिला आईच्या जागी. 'माझे वडील, कालिपुचुंगचे श्री. कासिरान, ज्यांनी तिसऱ्या विहिरीमागचं शेत स्वतःच्या हातांनी एक मीटर खणून दिलं.' आणि आत तिसऱ्या प्रकरणात तक्ता होता: पंचवीस सेंटिमीटरवर किलोमागे किती वाळू चुंबकाला चिकटली, पन्नासवर किती, पाऊण मीटरवर, एक मीटरवर. खाली जावं तसा आकडा वाढत गेला होता. ज्या माहितीसाठी कंपनीचं यंत्र तीन दिवस रस्त्यात उभं होतं ती सगळी त्या एका तक्त्यात होती. ते माझ्या लक्षात आलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की तक्ता नीटनेटका आहे.

तोंडी परीक्षा झाली. कासिरान इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून आला होता, पाठीवर टरबुजाचं पोतं. परीक्षकांना एकेक, मला दोन. आभाराचं पान त्यानं उभं राहून वाचलं, बोट ओळीखाली सरकवत. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचलं.

"माझं नाव छापलंय, इबू," तो मला म्हणाला.

"छापायलाच हवं होतं," मी ताठ मानेनं म्हटलं.

प्रबंध ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर चढला, जसा सगळ्यांचा चढतो. हेंदार्तो सरांनी कुठल्याशा हॉटेलातल्या परिषदेत तो आकडा पडद्यावर दाखवला. टाळ्या झाल्या.

*

पाच महिन्यांनी एका सकाळी तीन माणसं लॅबमध्ये आली. स्वच्छ शर्ट, मऊ बोलणं, हातात खाऊचा डबा. आत चिकट भाताचे लेंपर, केळीच्या पानात. त्यातल्या चष्मेवाल्याच्या काखेत निंगरुमचा प्रबंध होता. छापून बांधलेला, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या.

"इबू, एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला, "एक मीटरच्या खाली नमुना घेतला होता का?"

"आपण कुठले?"

त्यानं कार्ड दिलं. खनिज, ऊर्जा, असं काहीतरी. मी ते टेबलावर पालथं ठेवलं.

"मला काही ठाऊक नाही. मी बाटल्या धुते."

"आपलंही नाव आहे आभारात," तो गोड हसला. "असू द्या. जागेचं सगळं इथं लिहिलेलंच आहे."

ते गेल्यावर मी धावत हेंदार्तो सरांकडे गेले. सर वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मुरवानी, विद्या सार्वजनिक असते. मी काय करू?"

"काढून टाका ना तो तिथून!"

"ग्रंथालयाला विचारा."

ग्रंथालयातल्या माणसानं शांतपणे सांगितलं की अर्ज करावा लागेल, त्यावर तीन सह्या लागतील, समिती बसेल. "आणि इबू, काढून काय उपयोग? छापून नेलंय ना त्यांनी." मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग मला पाण्याचा पेला दिला. मला त्याचा आणखीच राग आला.

निंगरुम तेव्हा शहरात एका शाळेत शिकवायला लागली होती. तिला मधल्या सुट्टीत गाठलं. सगळं सांगितलं, माझी चूक धरून. तिनं लगेच बापाला फोन लावला. मला रागावली असती तर बरं झालं असतं. फोन कुणी उचलत नव्हतं. शेतावर जाताना बाप कधीकधी फोन घरातच विसरतो. तिनं मोटरसायकल काढली, मी मागं बसले. या वयात, कंबर मोडेपर्यंत, दोन तास. वाटेत आम्ही एकदाही थांबलो नाही.

*

तिसऱ्या विहिरीपाशी सतरंजी अंथरली होती.

कासिरान तोच बाटिक शर्ट घालून मधे बसला होता. समोर ती तिघं. गोड चहा, तळलेलं सोयाबीनचं तेम्पे, कापलेलं टरबूज. पायाशी ताजा खणलेला खड्डा, खांद्याएवढा खोल. सतरंजीवर प्रबंध उघडा पडला होता, आभाराच्या पानावर. कासिरानच्या हातात दोरीला बांधलेलं ते लाउडस्पीकरचं चुंबक, त्याला काळ्या वाळूची दाढी फुटलेली.

आम्हाला बघून त्याचा चेहरा असा फुलला की मला वर बघवेना. "अरे, न्दुक, पोरी! इबू! बघा, तुझ्या कॉलेजातले लोक आलेत! तुझं पुस्तक घेऊन!"

"बापाक..."

"ऐक तर! हे विचारत होते, पुस्तकातलं खरं कशावरून? पोरं आकडे बनवतात म्हणे हल्ली." तो चिडला होता, खरोखर चिडला होता. "मी म्हटलं, माझी पोर? दहाचे अकरा करत नाही ती! थांबा म्हटलं, दाखवतो. एक मीटर खणून दाखवलं. मग म्हटलं, पुस्तकात नाही ते पण बघा, आणि दीड मीटर खणलं. अजून काळी! म्हटलं, आता बोला!"

चष्मेवाला चहात चमचा फिरवत होता. त्याच्या गुडघ्यावर फळीला लावलेला कागद होता. वर 'उपस्थिती' असं लिहिलेलं, खाली रांगेत नाव, गाव, जमीन, सही. पहिल्या ओळीत कासिरानची सही होती, सावकाश काढलेली, अक्षर न् अक्षर सुटं. आमच्याकडे चार माणसं जमली की हजेरीचा कागद फिरतोच, लग्नात फिरतो, प्रार्थनेला फिरतो. कुणी वाचत नाही, सगळे सही करतात. नंतर कधीतरी तोच कागद दुसऱ्या कागदाला जोडतात आणि वर लिहितात, शेतकरी हजर होता, राजी होता.

"बापाक," निंगरुम म्हणाली, "हे कॉलेजचे नाहीत. कंपनीचे आहेत."

पलीकडच्या मिरचीत दोन बाया तोडणी थांबवून उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या असाव्यात.

कासिराननं पाहुण्यांकडे बघितलं. खड्ड्याकडे बघितलं. तो शिवी देईल, डबा भिरकावेल, फावडं उचलेल असं मला वाटलं. मी त्याच्या जागी असते तर उचललंच असतं. पण समोर बसलेला माणूस आपल्या घरचा चहा पितोय. त्याचा पेला अर्धा आहे.

"चहा घ्या," तो म्हणाला. "गार होतोय."

त्यांनी घेतला. सगळा संपवला. उठताना वाकून हात जोडले, आभार मानले, कागदाची फळी पिशवीत नीट ठेवली. मी मधे पडले, तो कागद द्या म्हटलं. "ही तर फक्त हजेरी आहे, इबू," चष्मेवाला म्हणाला आणि गाडीत बसला. मी गाडीच्या काचेवर हात आपटला. हात दुखला, बाकी काही झालं नाही.

बाया मिरचीच्या टोपल्या घेऊन निघून गेल्या. कासिराननं हाक मारली, त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

मग तो खड्ड्याच्या काठावर बसला. चुंबकावरची वाळू बोटानं खाली पाडत राहिला. सगळी पाडून झाल्यावर म्हणाला, "न्दुक, ते पुस्तक खोटं आहे असं लिहून देशील का?"

"बापाक, मोजलंय ते."

"चुकलं असेल."

"नाही चुकलं."

"मग परत मोज," तो म्हणाला. मान वर केली नाही त्यानं. "कमी येईपर्यंत मोज. तू हुशार आहेस."

*

आम्ही परत मोजलं. आता हसू नका. फडताळात त्याच पोत्यातली दोन मुठी वाळू उरली होती. निंगरुम शाळा सुटली की यायची. मी तिला म्हटलं, ती पहिल्या घाण्याची लाल पूड पाठवून दे ना, शून्य येईल, कागद तरी मिळेल हातात. तिनं लाल बाटली हातात घेतली, चिठ्ठी वाचली, परत जागेवर ठेवली. "वाळू जमिनीत काळीच आहे, इबू," ती म्हणाली. मग काचेचा पंखा लावला आणि अमोनियाचे थेंब मोजायला बसली. तिचा हात आता आधीपेक्षा सफाईदार झाला होता, हेच वाईट.

पूड पाठवली. पुन्हा दीड महिना. तेवढ्यात कालिपुचुंगला कंपनीच्या लाल टोकांच्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या, पहिली तिसऱ्या विहिरीमागं. गावात कासिरानशी कुणी बोलत नव्हतं. तो टपरीवर गेला की बाक रिकामा व्हायचा.

उत्तर आलं तेव्हा ती माझ्यासमोरच बसली होती. तिनं फोन टेबलावर ठेवला. मी चष्मा न पुसताच वाचलं.

बहात्तर पॉइंट एक.

लगेच फोन वाजला. बाप रोज याच वेळी विचारायचा. तिनं उचलला. लॅबमध्ये इतकं शांत होतं की त्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"आलं का गं, न्दुक?"

"आलं, बापाक."

"कमी आलं?"

निंगरुमनं माझ्याकडे बघितलं. जिनं दहा पॉइंट अठ्ठ्याण्णवचे अकरा केले नव्हते ती पोर.

"हो, बापाक," ती म्हणाली. "खूपच कमी आलं."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" पलीकडं त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "थांब, मी गावाला सांगून येतो."